पाचव्या प्लेटचं नाव

लग्नपत्रिकेवरची सोनेरी अक्षरं एकदा भिंगाखाली धरून पाहा. शेजारच्या गणपतीच्या चित्रात सायन, मजेंटा, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची दाट जाळी दिसेल. सोनेरी अक्षरात मात्र ठिपका नसतो, नुसती सलग शाई असते. ती डब्यातूनच सोनेरी म्हणून आलेली असते. तांबं आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे सूक्ष्म कण तिच्यात असतात, म्हणून ती चमकते. चार शाया कशाही मिसळल्या तरी ही चमक येत नाही, आणि लखलखीत भगव्याचीही तीच गत. अशा वेळी पाचवी शाई आणि पाचवी प्लेट लागते. छापखान्यात तिला स्पेशल कलर म्हणतात, सॉफ्टवेअरमध्ये स्पॉट कलर.

छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या पानाची सेपरेशन्स, म्हणजे प्रत्येक शाईची वेगळी प्लेट, उघडली की त्या भगव्याची प्लेट दिसते करडी! सगळ्याच प्लेटा करड्या. प्लेटेला रंग ठाऊकच नसतो. कुठे शाई लागावी आणि कुठे लागू नये, एवढंच तिला कळतं. चित्रातले रंग असे प्लेटांत वेगळे करणं माणसानं एकेकाळी नुसत्या नजरेनं साधलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. जेकब ख्रिस्टोफ ल ब्लाँ यानं १७१९ साली इंग्लंडमध्ये तीनरंगी छपाईचं पेटंट घेतलं, तेव्हा कॅमेरा नव्हता. समोरच्या चित्रात निळा किती, पिवळा किती, तांबडा किती हे मनातल्या मनात सोडवून तीन वेगळे तांब्याचे पत्रे हातानं तयार करावे लागत.

आज हे काम फाइल करते, आणि स्पॉट कलरच्या बाबतीत तर ती फारच थोडक्यात करते. पीडीएफमध्ये असा रंग नोंदवताना मुख्यतः तीन गोष्टी लिहिलेल्या असतात : शाईचं नाव, तिचं प्रमाण, आणि ती शाई नसेल तेव्हा वापरायचा पर्यायी रंग. पडद्यावर आपल्याला दिसतो तो बहुधा हा पर्यायी रंग. भगवा म्हणजे काय हे फाइलला माहीतच नसतं. ती फक्त नाव सांभाळते. त्या नावाची प्लेट निघाली की तिच्यावर योग्य शाई चढवणं मशीनवरच्या माणसाचं काम. त्याच्यासाठी पॅंटोन या कंपनीच्या क्रमांकित रंगपट्ट्या असतात. लॉरेन्स हर्बर्ट यांनी १९६३ साली ही पद्धत आणली. मोजक्या मूळ शाया ठरलेल्या प्रमाणात मिसळायच्या, म्हणजे न्यू जर्सीत ठरवलेली छटा नाशकातही जुळवता येते.

सगळी भिस्त नावावर असल्यामुळे त्यातला बारीकसा फरकही महागात पडतो. लोगोत 'ऑरेंज ०२१ सी' आणि मथळ्यात 'ऑरेंज ०२१ यू' असं असेल, तर शाई एकच असते. 'सी' आणि 'यू' ही अक्षरं चकचकीत आणि साध्या कागदावरचं तिचं रूप सांगतात. पण सॉफ्टवेअरच्या लेखी त्या दोन शाया झाल्या, म्हणून प्लेटाही दोन. नावात एखादी मोकळी जागा जास्त पडली तरी तेच. म्हणूनच सॉफ्टवेअरच्या इंक मॅनेजरमध्ये एक नाव दुसऱ्याशी जोडून देण्याची सोय असते. प्लेटा काढण्याआधी ही यादी नजरेखालून घालणं मला प्रूफ वाचण्याइतकंच गरजेचं वाटतं.

दोन नावं मात्र पीडीएफनं राखून ठेवली आहेत. 'ऑल' नावाचा रंग प्रत्येक प्लेटेवर उमटतो, म्हणून कोपऱ्यांतल्या जुळणीच्या खुणा त्यानं काढतात. 'नन' नावाचा रंग कुठेच उमटत नाही.

पांढऱ्याचं गणित आणखी विलक्षण आहे. निळ्या पट्टीवर भगवं अक्षर ठेवलं की एरवी निळ्या प्लेटेत त्या अक्षराच्या आकाराची जागा कोरी सुटते. कागद केसभर सरकला तर तिथे पांढरी फट दिसेल, म्हणून फिकट रंग किंचित पसरवतात. हेच ट्रॅपिंग. 'ओव्हरप्रिंट' लावलं तर खालची निळी शाई तशीच राहते आणि वरची तिच्यावर चढते. आता पांढऱ्या अक्षराला ओव्हरप्रिंट लावून बघा. कागदावरचं पांढरं म्हणजे शाईचा अभाव. खालचं काही काढायचं नाही आणि वर काही घालायचं नाही, असा हुकूम झाला. पडद्यावर ठळक दिसलेलं अक्षर छापताना नाहीसं होतं. ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू केला तरच हे आधी कळतं.

नाव मिळालं की प्लेट वेगळी होते, मग ते नाव शाईचंच असायला हवं असंही नाही. खोक्यांच्या फाइलींमध्ये डाय-कटिंगची, म्हणजे खोकं कापण्याची, रेघ स्पॉट कलरनंच आखतात आणि तिला ओव्हरप्रिंट देतात, नाहीतर खालच्या चित्रात तिच्या जाडीची पांढरी चीर पडेल. व्हार्निश कुठे द्यायचं, फॉइल कुठे दाबायचं, हेही अशाच नावांनी सांगितलं जातं. युरोपात औषधांच्या खोक्यावर औषधाचं नाव ब्रेलमध्ये द्यावं लागतं. फाइलमध्ये तेही बहुधा असंच स्वतंत्र नाव दिलेल्या थरावर असतं. पडद्यावर त्याचे ठिपके एखाद्या भडक रंगात दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यासाठी शाईचा थेंबही लागत नाही, कागद तेवढा उठवला जातो.