सांदणला तंबू कुठे ठोकाल?

लालबागच्या चाळीत वाढलेल्या कुणालाही ‘कॅम्पिंग’ शिकवायची गरज नसते, असं माझं ठाम मत होतं. दहा बाय पंधराच्या खोलीत सहा जण, उन्हाळ्यात चटई उचलून गॅलरीत, गणपतीत पाहुणे आले की डोकं एकीकडे नि पाय दुसऱ्याच्या उशीवर. आम्ही जन्मापासून टेंटमध्येच तर राहतोय! त्यामुळे गेल्या मेमध्ये परीक्षा संपल्यावर ‘सांदण व्हॅलीत कॅम्पिंग’ असा मेसेज ग्रुपवर पडला तेव्हा मी सगळ्यात आधी थंब्स-अप टाकला.

आईला सांगितलं तर तिने तीन प्रश्न विचारले. सोबत कोण? झोपणार कुठे? आणि संडासची सोय काय?

पहिल्याचं उत्तर पाठ होतं. दुसऱ्यावर मी म्हणाले, “दरीत.” तिसऱ्यावर म्हणाले, “बघू.” आईने काही न बोलता माझ्या सॅकमध्ये भरलेली चटई परत बाहेर काढली. पुढचे चार दिवस मनधरणीत गेले. तुमच्याही घरी हेच होणार असेल, तर हा लेख आईसमोर ठेवायला हरकत नाही. फक्त मधला पावसाचा भाग तुम्ही आधी वाचा.

सांदण आहे कुठे, ते आधी सांगते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पुढे साम्रद नावाचं गाव आहे. गाव सह्याद्रीच्या अगदी धारेवर. एका बाजूला रतनगड, समोर आजोबाचा डोंगर, मागे वळून पाहिलं तर अलंग-मदन-कुलंगची रांग. गावापासून थोडं चाललं की सपाट जमीन एकदम फाटल्यासारखी दिसते. तीच सांदण दरी. साधारण दोन किलोमीटर लांब, दोनशे फुटांच्या आसपास उंच भिंती, आणि काही ठिकाणी इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडचा कातळ बोटांना लागतो. सांद म्हणजे फट, भेग. गिरगावातल्या आमच्या दोघी मैत्रिणींना मात्र शेवटपर्यंत फणसाची सांदणंच आठवत होती, आणि मे महिना असल्यामुळे त्यांना दोष देता येत नव्हता.

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांतून हा सगळा काळा कातळ तयार झाला. त्यातल्या भेगेत पाणी शिरलं आणि कोरत राहिलं. गंमत अशी, की साम्रदच्या माथ्यावर पडणारा पाऊस पत्ता बघून प्रवास करतो. रतनगडाच्या पलीकडच्या अंगाचं पाणी प्रवरेत, तिथून भंडारदरा धरणात, गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. सांदणमध्ये उतरणारं पाणी खाली कोकणात, शहापूरच्या बाजूला, म्हणजे शेवटी आपल्या अरबी समुद्रात. दरी दिसायला कितीही ‘इन्स्टा’ असली तरी ती मुळात पाण्याची वाट आहे. हे वाक्य मी तेव्हा गुगलवर वाचलं होतं आणि विसरूनही गेले होते.

जायचं कसं? आमच्यासारखी मंडळी असाल तर रात्रीच्या शेवटच्या कसारा लोकलने. गिरगावकर सीएसएमटीला जाऊन जागा धरतात, बाकीचे दादरला चढून त्या जागेवर बसतात. ही परंपरा मोडू नका. पहाटे तीनच्या सुमाराला कसारा येतं. तिथून आधीच ठरवलेली जीप घोटी, भंडारदरा, घाटघर करत साम्रदला सोडते. बाकी खर्चाचं विचाराल तर आम्ही सहा जण होतो, तीन मुली, तीन मुलगे. जीप, तंबूचं भाडं, गावातलं जेवण धरून माणशी दीड हजाराच्या आत भागलं. इन्स्टाग्रामवरच्या पॅकेजपेक्षा हे स्वस्त पडलं, पण त्यासाठी आधी गावात तीन फोन करावे लागले. फोन करायला लाज वाटत असेल तर हे स्वस्त पडणार नाही.

दिवसभर दरीत हिंडलो. तोंडाशी पाण्याचे डोह आहेत. मे अखेरीला पहिला डोह गुडघ्याएवढा, दुसरा मांडीपर्यंत, आणि पाणी असं गार की आमच्यातला परळचा एक जिमवाला किंचाळला. पुढे दगडांचे ढिगारे, त्यातून चढउतार. बाहेर ऊन भाजून काढत होतं आणि आत चार वाजताच संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. शेवटी कडा तुटतो. तिथून खाली उतरायचं तर दोर, हार्नेस आणि ते वापरता येणारा माणूस लागतो. आमच्याकडे तिन्ही नव्हतं, म्हणून आम्ही मुकाट वळलो.

वळताना मध्येच वाळूचा एक सपाट तुकडा लागला. छान मऊ, दोन्हीकडे भिंती, वर आकाशाची पट्टी. जिमवाला म्हणाला, “टेंट इथेच!” खरं सांगते, मीही हो म्हणाले. तो फोटो माझ्या डोक्यात आधीच निघाला होता. सोबत गावातले एक मामा वाटाड्या म्हणून होते, साठीच्या आसपासचे, पायात रबरी चप्पल. ते म्हणाले, “आत नाय झोपायचं.” आम्ही वर बघितलं, ढगाचा ठिपकाही नव्हता. तसं दाखवलंही. ते म्हणाले, “इथं नसला तरी वर असतो,” आणि चालू लागले. भांडण्यात अर्थ नव्हता. रात्रीच्या भाकऱ्या त्यांच्या घरी होत्या.

वर गावालगत माळावर तंबू लावले. इथे थोडा तांत्रिक तपशील देते, कारण आमचा एक तास यातच गेला. सह्याद्रीच्या कातळात तंबूच्या खुंट्या शिरत नाहीत. माती असलेली जागा शोधावी लागते किंवा दोऱ्या मोठ्या दगडांना बांधाव्या लागतात. एकट्या उंच झाडाखाली लावू नये, वीज पडू शकते. कड्याच्या काठावर तर अजिबात नको. रात्री वारा फिरतो, शिवाय झोपेत उठलेल्या माणसाला काठ कुठे आहे ते आठवत नाही. खोलगट जागा मऊ वाटते, पण पाणी साचायला तीच सगळ्यात सोयीची असते. आणि ‘चार जणांचा’ तंबू म्हणजे सॅक बाहेर ठेवून तीन जणांचा. चाळीचा अनुभव इथे खरंच कामी आला.

आम्ही जेवलो ते मामांच्या ओसरीवर. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा आणि वाटीभर करवंदं. हा सगळा भाग महादेव कोळी वस्तीचा. पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात हिरडा गोळा करणं, आणि आता पर्यटक. शेजारच्या घाटघरला ‘नगरचं चेरापुंजी’ म्हणतात इतका पाऊस तिथे पडतो, आणि तरीही मे महिन्यात मावशी डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढताना दिसल्या. आमच्यातल्या एकाने त्याच पाण्याने सँडलवरचा चिखल धुतला होता. ते कळल्यावर त्याने नंतर दोन खेपा केल्या. अर्धं पाणी वाटेत सांडलं.

जेवून निघालो तर जांभळाच्या एका झाडावर काजवे. मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला, पहिल्या पावसाआधी, भंडारदऱ्याच्या आसपास हा खेळ चालतो. ते लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला मारलेली हाक असते. आपण टॉर्च किंवा गाडीचे हेडलाइट मारले की ती हाक बुडते. हे सांगायचं कारण, पलीकडच्या माळावर एका ‘बॅच’चे चाळीसेक जण उतरले होते. रांगेने सारखे तंबू, मध्ये शेकोटी, स्पीकरवर लालबागच्या मिरवणुकीत वाजतं तेच सगळं. आता मला ती गाणी आवडतात, मी त्यांच्यावर नाचलेही आहे. पण मी दीडशे किलोमीटर लांब आले होते ते ती खाली रस्त्यावर वाजत राहावीत म्हणून. शेकोटीचं तर वेगळंच आहे. हा परिसर कळसुबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, ते 1986 साली जाहीर झालं. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. मेमधलं गवत म्हणजे नुसता कागद असतो. पॅकेजच्या जाहिरातीत ‘बोनफायर’ लिहिलं असेल तर आयोजकाला विचारा, परवानगी कुणाची? आणि साहसी पर्यटनाच्या राज्याच्या 2021 च्या धोरणाप्रमाणे नोंदणी आहे का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. नीट उत्तर मिळालं नाही तर पैसे भरू नका.

पाऊस दीड वाजता आला. आधी लांब, रतनगडाच्या मागे, नुसताच उजेड. मग वारा, आणि मग असा की तंबूचं कापड तोंडावर आपटायला लागलं. तुमचा तंबू साधा, एकपदरी असेल तर आतून कापडाला हात लावू नका, जिथे टेकाल तिथून पाणी झिरपतं. आम्ही तिघी मध्यभागी गोळा होऊन बसलो. फोनला रेंज नव्हती. गिरगावची एक म्हणाली, “आपण आत्ता खाली असतो तर?” कुणी उत्तर दिलं नाही. पलीकडचा स्पीकर बंद झाला होता. पाऊण तासाने पाऊस थांबला, आणि मग एक आवाज ऐकू यायला लागला. सलग, खालून येणारा. मला वाटलं जीप. मध्यरात्रीनंतर तिथे जीप कुठली?

सकाळी मामांबरोबर तोंडापर्यंत जाऊन आलो. आदल्या दिवशी गुडघ्याएवढा होता तो डोह माझ्या कमरेच्या वर लागला असता. मामांनी आत पाऊल टाकू दिलं नाही. पाणी गढूळ, लालसर, दगडांमधून जोरात पळत होतं. वाळूचा तो तुकडा तिथून दिसत नाही, त्यामुळे त्याचं काय झालं हे मला ठाऊक नाही, आणि फुगवून सांगायचंही नाही. एवढंच, की त्या भिंतींना दोन्ही बाजूंनी चढायला जागा नाही हे आदल्या दिवशी आम्ही कौतुकाने बघितलं होतं. हा वळवाचा एक पाऊस होता, पाऊण तासाचा. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागे एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलाय. तेही थोड्या वेळापूर्वी साध्या पाण्यात उभे होते. पावसाळ्यात सांदणमध्ये उतरायला बंदी असते ती उगाच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा मोसम. मेमध्ये जाणं ही आमची परीक्षेच्या वेळापत्रकाने केलेली चूक म्हणा. काजव्यांसाठी ती मी पुन्हा करेन, पण झोपायला वरच.

बाकी उरला आईचा तिसरा प्रश्न. त्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मुलींसाठी लिहिते. आधी फोनवर विचारा, गावात कुणाच्या घरी संडास वापरता येईल का, आणि त्याचे पैसे वेगळे द्या, कारण ते पाणीही कुणीतरी वाहून आणलेलं असतं. आम्हाला मावशींनी चावी दिली. रात्री एकटीने जायचं नाही, दोघींनी आणि टॉर्च घेऊन. या जंगलात बिबट्या आहे, आणि दगडांत साप-विंचू असतातच. पाळीची तारीख जवळ असेल तर कागद आणि झिप-पाऊच जास्त ठेवा. वापरलेले पॅड तिथे पुरायचे नाहीत, शेकोटीत टाकायचे नाहीत, मुंबईला परत आणायचे. ऐकायला कसंतरी वाटतं, करायला काहीच वाटत नाही. चिप्सची पाकिटं नि बाटल्याही तशाच आणल्या. आमच्या सहा जणांचा कचरा एक अख्खी पिशवी भरला, तेवढा घरी आठवड्याचा होत नाही.

निघायच्या आधी घरी दोन गोष्टी लिहून ठेवा: ज्यांच्याकडे उतरणार त्यांचा नंबर, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची ती वेळ. साम्रदला रेंज येते-जाते. अडचणीत 112 लावा, तोही लागायला रेंज लागते. म्हणून वेळ लिहून ठेवणं महत्त्वाचं. मी आईला दुपारी तीन सांगितलं होतं. जीप घोटीच्या जवळ आली तेव्हा अडीच वाजले होते आणि फोनवर चार दांड्या उगवल्या.

पहिल्याच रिंगला तिने उचलला. पाऊस आला होता, तंबू वर ठोकला होता, सगळे ठीक आहोत, असं मी एका दमात सांगून टाकलं. ती दोन सेकंद गप्प राहिली.

“बरं,” म्हणाली, “संडास होता का?”