दार बंद झालं की मीटर सुरू!

विमानात चढताना केबिन क्रू हसून स्वागत करतात, बॅगा बसवतात, सीटवरून झालेली भांडणं मिटवतात. पण अमेरिकेतल्या मोठ्या एअरलाइन्समध्ये या वेळेचा तासाचा पगारच मिळत नव्हता. दार बंद झालं की मीटर सुरू! २०२२ मध्ये डेल्टाने बोर्डिंगचे पैसे द्यायला सुरुवात केली, तेही निम्म्या दराने.

घाबरलेल्या आजी उतरताना हात धरून आशीर्वाद देतात, ते समाधान मोठंच. पण त्यातून घरभाडं निघत नाही.

आता तुमचं बघा. शटर उघडण्याआधी माल लावणं, रात्रीचा हिशोब, हे तास किमतीत धरता का? नसाल तर फुकट राबताय. आठवडाभर ते तास वहीत लिहा, मगच रेट ठरवा.