पानातलं भोक आणि झाडावरचा रातकिडा

पावसाळा सरत आला की कन्नडला अंगणातल्या जास्वंदीवर, भेंडीवर नाहीतर दोडक्याच्या वेलावर एक फिकट हिरवा, जवळजवळ आरपार दिसणारा किडा सापडतो. बोटाच्या पेराहून लहान, मिशा मात्र अंगापेक्षा लांब. आमच्या तालुक्यात कपाशी भरपूर, त्यामुळे हिरवं काही उडालं की ‘तुडतुडा’ हाच शब्द तोंडात येतो आणि हात फवारणीच्या पंपाकडे जातो. शेजारच्या काकूंनीही परवा विचारलं, “यावर काय मारू?”

काहीच मारू नका, असं मी त्यांना सांगितलं. तुडतुडा जेमतेम तीन मिलिमीटरचा असतो, पाचरीच्या आकाराचा, आणि पानाखाली तिरपा चालतो. नाकतोडा म्हणावं तर त्याच्या मिशा आखूड. हा झाडावरचा रातकिडा, शास्त्रीय नाव इकँथस. रातकिडा म्हणजे काळपट, मोरीजवळ किंवा विटांखाली राहणारा, एवढंच आपल्याला माहीत असतं. हा त्याचाच भाऊबंद, पण सारा जन्म झुडपांवर काढतो. नराचे पंख वल्ह्यासारखे रुंद आणि चपटे, मादीचे अरुंद, अंगाभोवती लपेटल्यासारखे. मादीच्या मागे सुईसारखं टोक दिसतं, ते पाहून लोक डंखाच्या भीतीने मागे सरतात. ती नांगी नाही, अंडी घालायची नळी आहे. कोवळ्या काडीला बारीक छिद्र पाडून मादी त्यात अंडी ठेवते. क्वचित एखादी काडी वाळते, तेवढंच. खाण्यात मावा आणि इतर मऊ किडे, परागकण, थोडं पान.

‘किती ओरडतोय’ असं आपण म्हणतो खरं, पण त्याला गळा नाही. गातो फक्त नर, तेही पंखांनी. पंख पाठीवर काटकोनात उभे करतो. एका पंखाखाली करवतीसारखी दातेरी शीर असते, तिच्यावर दुसऱ्या पंखाची कड फिरते. ऐकायचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली.

आता पानातल्या भोकाविषयी. भोक दिसलं की अळीने खाल्लं, हे आपण धरूनच चालतो, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण दक्षिण भारतात रानतुळशीच्या झुडपांवर राहणारी इकँथस हेन्री ही जात पानाच्या मधोमध स्वतःच्या पंखांच्या मापाचं भोक कुरतडते. नर त्यात डोकं-खांदे घालून पंख पानाच्या सपाटीला आणतो आणि गातो. कारण असं, की त्याच्या आवाजाच्या लहरीची लांबी साधारण ११ सेंटिमीटर आणि पंख सेंटिमीटरभर. एवढ्या लहान पंखाच्या पुढून आणि मागून निघालेल्या लहरी कडेवरून वळून एकमेकींना मारतात. मध्ये पानाची भिंत आली की ही गळती थांबते आणि आवाज मोठा होतो. दक्षिण आफ्रिकेतल्या एका जातीची ही युक्ती १९७५मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन आणि सहकाऱ्यांनी हेन्रीचा अभ्यास केला. २०२०च्या त्यांच्या निष्कर्षानुसार भोक जास्त करून अंगाने लहान किंवा आवाजाने क्षीण नरच पाडतात. मोठ्या आवाजाकडे माद्या ओढल्या जातात, म्हणून दुबळा नर पानाची मदत घेऊन बलवानाच्या पंगतीला बसतो. एवढ्याशा किड्याने स्वतःसाठी साधन बनवावं, याने मी अजून भारावून जातो.

रातकिडे जोरात लागले की पाऊस येणार, असंही ऐकू येतं. गाण्याच्या वेगाचा संबंध आहे तो तापमानाशी. १८९७मध्ये अमेरिकेतल्या एमॉस डॉल्बेअर यांनी चिरचिर मोजून तापमान काढायचं सूत्रच मांडलं. दिवाळीनंतर गौताळ्याच्या डोंगराकडून गारठा उतरतो, तेव्हा त्याच जास्वंदीतला सूर संथ होत जातो. पाहायचा असेल तर आवाजाच्या रोखाने चार पावलं जायचं, तो गप्प झाला की थांबायचं, पुन्हा सुरू झाला की पुढे. बॅटरी शेवटी लावायची, पानाच्या खालून.