ओहोटीची वाळू आणि अमूर्त चित्र

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या बहुतेक चित्रांना नाव नाही. संग्रहालयातल्या पाटीवर ‘शीर्षक नाही’ एवढेच असते, खाली वर्ष आणि ‘कॅनव्हासवर तैलरंग’. समोर हिरवट, राखाडी किंवा तांबूस रंगाचा उंच आयत असतो. त्यात कुठे धुक्यासारखे विरळ, कुठे खरवडल्यासारखे दाट काहीतरी तरंगत असते. प्रेक्षक पाटी वाचतो, चित्र पाहतो, पुन्हा पाटीकडे वळतो आणि शेजारच्याला हळूच विचारतो, हे कशाचे चित्र आहे?

अमूर्त चित्रापुढे हा प्रश्न फार पुढे नेत नाही. त्याऐवजी ‘हे कसे झाले असेल’ असे विचारले तर हाती काही लागते. निसर्गातून आलेल्या अमूर्त कलेच्या बाबतीत तर नक्कीच, कारण निसर्गातली नक्षीही कुणी काढलेली नसते, ती घडत गेलेली असते.

पालघर तालुक्यातल्या केळवे-माहीमच्या किनाऱ्यावर याचा सराव फुकटात होतो. ओहोटीला पाणी मागे हटले की ओल्या वाळूवर वळ्यावळ्या उरतात. त्या लाटांच्या पुढे-मागे होण्यातून उठलेल्या असतात. दोन वळ्यांमधले अंतर पाण्याच्या हालचालीवर आणि वाळूच्या कणांवर ठरते. साचलेले पाणी वाट काढत समुद्राकडे परतते तिथे फांद्या फुटलेल्या झाडासारखे ओघळ तयार होतात. आणखी जवळ वाकून पाहिले तर चिमुकल्या खेकड्यांची बिळे दिसतात आणि प्रत्येक बिळाभोवती वाळूच्या बारीक गोळ्यांच्या ओळी सूर्यकिरणांसारख्या पसरलेल्या असतात. खेकडा वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातले खाण्याजोगे अंश काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी टाकून पुढे सरकतो. त्याला रांगोळी काढायची नसते, पोट भरायचे असते. रांगोळी ही त्या जेवणाची नोंद असते. हे एकदा कळले, की वाळूवरच्या ठशांना ‘हे झाडासारखे दिसते, ते सूर्यासारखे’ एवढे म्हणून भागत नाही. नजर आकाराकडून हालचालीकडे वळते.

चित्रकारांनाही हा रस्ता सापडायला वेळ लागला. डच चित्रकार पीट मोंद्रियान आधी झाडे, वाळूच्या टेकड्या आणि पवनचक्क्या रंगवत असे. मग तो एकच झाड पुन्हा पुन्हा रंगवत गेला आणि दर वेळी त्यातले काहीतरी गाळत गेला. 1915 च्या सुमारास धक्का आणि समुद्र या विषयावर त्याने केलेल्या चित्रात लाटांच्या जागी फक्त आडव्या-उभ्या तुटक रेघा उरल्या. पाणी, फेस, निळा रंग यांतले काहीच त्यात नाही, तरी लकाकत हलणाऱ्या पृष्ठभागाचा ठेका आहे. ‘अमूर्त’ या मराठी शब्दाने इथे थोडा घोटाळा होतो. मूर्ती नाही म्हणजे काहीच नाही, असा त्याचा अर्थ पटकन लावला जातो. प्रत्यक्षात वस्तूचे रूप गळून तिची रीत उरलेली असते.

गायतोंडे यांना ‘अमूर्त’ हा शब्दही फारसा पटत नसे. आपल्या चित्रांना वस्तूचा संदर्भच नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांचा जन्म 2 नोव्हेंबर 1924 रोजी नागपूरला झाला. घराणे मूळचे गोव्याचे, वाढ गिरगावातली. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून 1948 मध्ये पदविका घेतल्यावर ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुपच्या मंडळींत आले, पण त्यांचा पिंड गटात रमणारा नव्हता. सुरुवातीच्या चित्रांत माणसे आणि पक्षी आहेत, भारतीय लघुचित्रांचा आणि पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराचा ठसा आहे. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आकृत्या विरत गेल्या. त्या काळात ते वॉर्डन रोडवरच्या, म्हणजे आजच्या भुलाभाई देसाई मार्गावरच्या, भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये काम करत. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर होता. झेन विचाराचा अभ्यासही याच सुमाराचा. 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, 1971 मध्ये पद्मश्री मिळाली, पुढे ते दिल्लीत स्थायिक झाले आणि 2001 मध्ये तिथेच वारले.

त्यांची काम करण्याची पद्धत ऐकून केळवे-माहीमची ओहोटी आठवावी अशीच आहे. कुंचल्यापेक्षा त्यांच्या हातात रोलर आणि रंग खरवडायची सुरी जास्त असे. रंगाचा पातळ थर द्यायचा, तो बसू द्यायचा, वर दुसरा थर द्यायचा. मग कागदाचे फाटके तुकडे ओल्या रंगावर दाबून रंग उचलायचा किंवा दुसरीकडे उमटवायचा, काही भाग खरवडून खालचा थर उघडा करायचा. चित्रातले जे चिन्हांसारखे, कुठल्याशा न वाचता येणाऱ्या लिपीसारखे दिसते, त्यातले बरेच असे उचलण्यातून आणि खरवडण्यातून आलेले आहे. गाळ बसावा, पाणी ओसरावे आणि मागे काही उरावे, तसे. यात घाई चालत नाही. वर्षाला पाच-सहा चित्रे हा त्यांचा सरासरी वेग होता आणि कॅनव्हाससमोर नुसते बसून राहण्यात कामाचा मोठा भाग जाई. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने 2014-15 मध्ये त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले. त्याच्या नावातच चित्र म्हणजे प्रक्रिया आणि चित्र म्हणजे जगणे, हे दोन्ही होते.

साठच्या दशकातल्या त्यांच्या काही चित्रांत मधोमध एक आडवा पट्टा आहे. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला तिथे क्षितिज दिसणारच, आणि ते दिसण्यात चूक काही नाही. चूक होते ती तिथेच थांबण्यात. ‘समुद्र आहे’ असे ठरवले की डोळा पाहणे बंद करतो, जसे ओळखीच्या माणसाचा चेहरा कुणी निरखत नाही. दशकाच्या अखेरीकडे गायतोंडे आडवा कॅनव्हास सोडून उभ्याकडे वळले आणि क्षितिजाचा आधार बराचसा सुटला. उभ्या चित्रात नजर डावीकडून उजवीकडे फिरत नाही, वर-खाली बुडी मारते. पाहताना आधी दहा-बारा पावलांवरून सगळा रंग एकत्र घ्यावा, मग जवळ जाऊन कडा पाहाव्यात. कडेला थर अर्धवट सुटलेले असतात आणि कोणता रंग आधी, कोणता नंतर, याचा हिशेब तिथे लागतो. प्रकाश चित्राच्या आतून येतो असे वाटते, कारण पातळ थरांतून खालचा उजळ रंग झिरपतो. ‘हे तर लहान मूलही काढेल’ हा शेरा या चित्रांपुढे हमखास ऐकू येतो. मूल रंग देईलही. कोणता थर किती काढायचा आणि हात कुठे आवरायचा, हे त्याला विचारून पाहावे.

भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये नसरीन मोहमदीही होत्या. गायतोंडे यांच्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान, जन्म 1937 चा. कराची, मुंबई, लंडन असा प्रवास करून त्यांनी पुढे बडोद्याच्या कलाशाखेत शिकवले. अलिबागजवळच्या किहीमला त्यांच्या कुटुंबाचे घर होते आणि 1990 मध्ये त्यांचे निधन तिथेच झाले. किनाऱ्यावरच्या वाळूची, पाण्याच्या कडेची, रिकाम्या रस्त्यांची छायाचित्रे त्या घेत. ती त्यांनी हयातीत प्रदर्शनात मांडली नाहीत. त्यांची ख्याती आहे ती पेन्सिल आणि शाईने, आरेखनाची साधने घेऊन ओढलेल्या रेघांच्या चित्रांसाठी. एका रेघेपासून दुसरी किंचित दूर, तिसरी त्याहून थोडी जास्त. बघता बघता कागद तिरपा झाल्यासारखा वाटतो. छायाचित्रे शेजारी ठेवली की या रेघांचे मूळ उमगते. लाट ओसरताना वाळूवर सोडून जाते ती कड आणि कागदावरची रेघ यांची शिस्त एकच आहे. गायतोंडे थर देतात आणि काढतात, नसरीन अंतरे मोजतात. निसर्गाकडून दोघांनी वेगवेगळी गोष्ट उचलली.

अकोल्याचे चित्रकार अंबादास कुंचल्याच्या लांब, वळत्या, एकमेकांत मिसळणाऱ्या फटकाऱ्यांनी कॅनव्हास भरत. 1972 नंतर ते नॉर्वेत राहिले, तरी चित्रांतली मातीची ओल सुटली नाही. प्रभाकर बरवे यांचे प्रकरण जरा निराळे. त्यांचा जन्म 1936 मध्ये अलिबागजवळच्या नागावला झाला. पान, शिंपला, ढग, घड्याळ हे त्यांच्या चित्रांत ओळखू येतात, म्हणून काटेकोर अर्थाने ती अमूर्त नाहीत. पण एनॅमल रंगाच्या सपाट, रिकाम्या अवकाशात ते पान असे ठेवलेले असते की झाडाशी त्याचे नाते तुटते आणि शेजारच्या आकाराशी नवे जुळते. या नात्यांविषयी त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ या 1990 च्या पुस्तकात मराठीत लिहिले आहे. चित्र पाहायला शिकू पाहणाऱ्याने ते वाचावे. चित्रकाराने आपल्या कामाविषयी इतके नेमके मराठी फार क्वचित लिहिले आहे.

शिल्पाकडे वळले की एक गोष्ट सोपी होते आणि एक अवघड. सोपी अशी, की शिल्पात साहित्य लपत नाही: लाकूड लाकूडच दिसते, गंज गंजच दिसतो. अवघड अशी, की एका जागी उभे राहून शिल्प कळत नाही. मिश्रमाध्यम शिल्प म्हणजे एकाहून अधिक पदार्थ जोडून घडवलेले शिल्प. लोखंडाचे भंगार, लाकडाचा ओंडका, शिसे, सिमेंट, काच, काहीही चालते. दगडातून मूर्ती ‘काढतात’. इथे वस्तू ‘जमवतात’, आणि जमवलेल्या वस्तूला आधीचे आयुष्य असते. होडीच्या तळातून निघालेली, खाऱ्या पाण्याने खाल्लेली फळी आणि वखारीतून आणलेली कोरी फळी शिल्पात एकाच मापाने बसवली तरी एकच गोष्ट बोलणार नाहीत. सातपाटीच्या बंदरावर दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतील.

मुंबईत ही वाट रुळवणाऱ्यांत पिलू पोचखानवाला महत्त्वाच्या. 1923 मध्ये पारशी कुटुंबात जन्मलेल्या पिलूबाई आधी जाहिरात क्षेत्रात होत्या. 1951 च्या युरोपच्या दौऱ्यात त्यांनी आधुनिक शिल्पे पाहिली आणि परतल्यावर शिल्पकार ना. ग. पानसरे यांच्याकडे धडे घेतले. सुरुवातीची शिल्पे मानवाकृतींच्या जवळची आहेत. पुढे लाकूड, शिसे, यंत्रांचे जोडलेले भंगार, ॲल्युमिनियमचे ओतकाम असे पदार्थ येत गेले आणि आकार खडक, मुळे, फुटलेल्या कवचांसारखे होत गेले. ओतकामासाठी त्या थर्मोकोलचा नमुना वापरत. तो कापला, जाळला, की त्याला खडबडीत, झिजलेली कड येते आणि धातू तीच कड उचलतो. म्हणजे झीज इथे नुसती दाखवलेली नाही, कृतीतच घडवून आणलेली आहे. अशा शिल्पाभोवती पूर्ण फेरी घालावी आणि धातूइतकेच लक्ष मधल्या पोकळीकडे द्यावे. समुद्राने पोखरलेल्या खडकाला आकार देते ते उरलेल्या दगडाइतकेच गेलेल्या दगडाने. पोचखानवाला यांच्याच पिढीतले आदी दावियरवाला पेशाने औषध-रसायनतज्ज्ञ. त्यांनी लाकूड आणि पोलादापासून लोहचुंबकापर्यंत साहित्य वापरले. डोळ्यांना न दिसणारे चुंबकाचे ओढणे हेच तिथे शिल्पाचा भाग झाले. मुंबईतल्या कावसजी जहांगीर हॉलचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय 1996 मध्ये सुरू झाले, त्यामागच्या प्रयत्नांत पिलूबाई पुढे होत्या. ते पाहायला मात्र त्या नव्हत्या. 1986 मध्ये त्यांचे निधन झाले. पालघरहून लोकलने चर्चगेट गाठले की तिथून हे संग्रहालय पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

पण उलट्या दिशेने, डहाणूकडे गेले तरी विषय सुटत नाही. वारली चित्रांत माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. वर्तुळ सूर्य-चंद्राकडून आले, त्रिकोण डोंगर आणि झाडांकडून, असे सांगितले जाते. चौकोन मात्र माणसाने आखलेला: लग्नाच्या चौकात पालघाट देवी बसते. शेणा-मातीने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या ठेचलेल्या काडीने सुवासिनी हा चौक लिहीत. याला अमूर्त कला म्हणणे ओढूनताणून होईल, कारण इथे प्रत्येक खुणेला ठरलेला अर्थ आहे. तरी गाळत गाळत रीत तेवढी ठेवायची, हे मोंद्रियानचे काम या भिंतींवर त्याच्या कितीतरी आधीपासून चाललेले होते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर आले आणि त्यांना गंजाडचे जिव्या सोमा मशे भेटले. चौक लिहिणे बायकांचे काम असताना हा पुरुष रोजच, लग्नकार्य नसतानाही, चित्रे काढत असे. कागद हाती आल्यावर मशे यांचे काम भिंतीपलीकडे गेले. 1989 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात ते होते, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. 2003 मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला त्यांचे आणि रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताचे काम शेजारी मांडले गेले. लाँग दगड, चिखल, काटक्या यांनी काम करतो. 1967 मध्ये एका गवताळ मैदानात त्याच रेषेवर पुन्हा पुन्हा चालून त्याने गवत दबवले आणि त्या पायवाटेलाच शिल्प म्हटले. ड्युसेलडॉर्फच्या प्रदर्शनासाठी लाँग वारल्यांच्या मुलखात येऊनही गेला. या जोडीवर टीका झाली नाही असे नाही, पण जोडणारा धागा खोटा नव्हता. दोघांच्या कामात पावलांचा किंवा हाताचा पुन्हा पुन्हा केलेला एकच व्यवहार दिसतो.

मासेमारीचे जाळे हा मशे यांचा आवडता विषय. कागद जवळजवळ सगळा जाळ्यानेच भरलेला असतो. लांबून पाहताना वाफेसारखा पांढुरका पडदा हलतोय असे वाटते. कुठे तो दाट होतो, कुठे ताणला जाऊन विरळ होतो, कुठे खोलगट वाटतो. दोन पावले पुढे गेल्यावर कळते की छटा अशी कुठेच नाही, केसासारख्या बारीक पांढऱ्या रेघांचे आस, म्हणजे जाळ्याचे डोळे, तेवढे आहेत, एकाला एक लागून, प्रत्येक हाताने घातलेला, जाळे विणणारा घालतो तसाच. आणखी जवळ गेले की कडेला दोन त्रिकोणांचा, जाळे धरून उभा असलेला एक छोटा माणूस सापडतो.