सुटी, रजा आणि खाडा

दिवाळीची सुटी ही मोठी गुणी सुटी. ती वर्षभर आधीच कॅलेंडरात तांबड्या आकड्यांनी येऊन बसते आणि तिच्या नावावर घरातली कामेही वर्षभर साठत जातात. माळ्याची झाडलोट, पंख्यांची पाती, फराळाची भाजणी, राहून गेलेल्या भेटीगाठी! ही सुटी संपते तेव्हा माणूस विसाव्यासाठी कामावर जातो. रविवारची गतही काही वेगळी नाही. दळण, इस्त्री, वाणसामान अशा सहा दिवसांच्या कर्जापोटी तो उगवतानाच गहाण पडलेला असतो.

अवचित मिळालेल्या सुटीचे तसे नाही. तिची कुणी वाटच पाहिलेली नसते. त्यामुळे तिच्याकडे कुणाचे काही येणे नसते.

आपल्या पूर्वजांना या सुटीचे मर्म ठाऊक असावे. अध्ययन बंद ठेवण्याच्या वेळेला ते ‘अनध्याय’ म्हणत. याज्ञवल्क्यस्मृतीत असे ३७ अनध्याय मोजले असून त्यांना ‘तात्कालिक’ असे नाव आहे. म्हणजे कारण असेल तोवरच टिकणारे. वीज कडाडली, धुळीचा पाऊस झाला, धुके दाटले, घरी थोर पाहुणा आला, कोल्हा, घुबड किंवा गाढव ओरडले, की पाठ थांबला! ती यादी आज जशीच्या तशी डोक्यावर घ्यावी अशी नाही. माणसामाणसांतली उच्चनीचताही तिच्यात शिरलेली आहे. परंतु गाढवाच्या एका हाकेने गुरुजींची पोथी मिटत असे, हे वर्गात सांगितले की शेवटच्या बाकावरची मुलेसुद्धा जागी होतात.

मुंबईत आता गाढवाची ही कामगिरी पावसाने पत्करली आहे. ८ जुलै २०२४ चा सोमवार घ्या. रात्री एकपासून सकाळी सातपर्यंतच्या सहा तासांत शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. रुळांवर पाणी चढले, लोकल अडकल्या आणि महापालिकेने शाळा-महाविद्यालयांना सुटी जाहीर केली. मुलुंडच्या आमच्या घरात मी तेव्हा डबा पिशवीत घालून छत्री शोधत होतो. छत्री सापडण्याआधी सुटी सापडली.

अशा सुटीतला पहिला आनंद म्हणजे भरलेला डबा आपल्याच स्वयंपाकघरात, ताटात वाढून घेऊन खाणे. तीच भाजी, त्याच पोळ्या. पण स्टाफरूमऐवजी घरी, वर आईने वाढलेले लिंबाचे लोणचे घेऊन खाल्ल्या, की त्यांची चवच पालटते. दुसरा आनंद म्हणजे सकाळच्या अकराची ओळख होणे. अकरा वाजता आपले घर कसे दिसते, हे नोकरदार माणसाला कुठे ठाऊक असते? मला त्या दिवशी कळले, की साडेदहाला समोरच्या आजी दार न वाजवता आत येतात, आई त्यांच्यासाठी खुर्ची आधीच सरकवून ठेवते, आणि दोघी मिळून अर्ध्या तासात मेथीच्या दोन जुड्या आणि सगळी इमारत निवडून काढतात. मला पाहून त्या जरा अवघडल्या. मी त्यांच्या कचेरीत आगंतुक होतो!

चिरंजीवांची शाळा बंद होतीच. त्यांनी पत्ते काढले आणि ‘बदाम सात’चा डाव मांडला. पत्नीलाही कामावर जाता आले नव्हते. ती डावात बसली खरी, पण बसता बसता म्हणाली, “तुमची आज सुटी. माझी मात्र एक रजा गेली.” ती विमा कंपनीत आहे. पाऊस दोघांवर सारखाच पडला होता. हिशेब निराळे होते.

मराठीचा अध्यापक असल्यामुळे शब्दांकडे माझे लक्ष जायचेच. ‘सुटी’ ही ‘सुटणे’ या क्रियापदाची लेक. तिच्यात दावे सुटलेल्या वासराचा आनंद आहे. ‘रजा’ अरबीतून आली. तिचा मूळ अर्थ संमती. सुटी मिळते, रजा मागावी लागते. हे मी घरच्यांना ऐटीत समजावून देत होतो, तोच दारावर थाप पडली.

दारात कामाच्या मावशी होत्या. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, चपला हातात.

“अगं, आज कशाला आलीस एवढ्या पाण्यातून?” आई म्हणाली.

“आजी, तुमच्याकडे चालतं हो. पुढच्या दोन घरी खाडा धरतात ना.”

आमचा शब्दांचा तास तिथेच संपला. सुटी आणि रजा यांची ही तिसरी बहीण मी विसरलो नव्हतो. ती माझ्या यादीतच नव्हती. खाडा म्हणजे न भरलेला दिवस, आणि न भरलेल्या दिवसाचे न मिळालेले पैसे.

आईने मावशींना कोरडे लुगडे दिले, आले घातलेला चहा दिला आणि पाऊस उतरेपर्यंत बसवून घेतले. पत्नीने त्या दोन्ही घरी फोन केले: “रस्त्यात पाणी आहे, आम्हीच त्यांना थांबवलं आहे. आजचा खाडा धरू नका.” एका घरून “अहो, नाही हो धरणार” असे उत्तर आले. दुसरीकडून “बघू” एवढेच. मग मावशी डावात बसल्या. बदामाची सत्ती त्यांच्याच हाती आली आणि पहिले दोन डाव त्यांनीच मारले.

त्या ‘बघू’ने मला आपल्या रविवारचा इतिहास आठवला. हा वारही आभाळातून पडलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि ती मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. मान्य होण्याआधी त्या मागणीने किती ‘बघू’ ऐकले असतील!

आता नवी अडचण अशी, की अवचित सुटी हीच दुर्मीळ होत चालली आहे. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही घरी बसून तास घ्यायला शिकलो. तेव्हा ती सोय मोलाचीच ठरली. पण आता बाहेर वीज कडाडत असली, तरी संगणकाच्या पडद्यावर हजेरी घेता येते. याज्ञवल्क्यांचे गाढव कितीही ओरडले, तरी आमचा आवाज चालू असतो. अशा वेळी एखादा रिकामा दिवस चुकून हाती लागलाच, तर तो कामाने भरून टाकू नये. अकरा वाजता घर पाहावे, डबा ताटात वाढून घ्यावा, पत्ते पिसावेत.

आणि आणखी एक करावे. आपल्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचे आणि कामाच्या बाईंचे खाडे मांडायची रीत आहे. पावसाने आपल्याला जो दिवस फुकट दिला, त्या तारखेच्या चौकोनात तेवढी फुली मारू नये. चौकोन कोरा राहू द्यावा. सुटीचा दिवस कोराच शोभतो.