आधी ‘इत्तेफाक’, मग भजी!

पाऊस धो धो कोसळू लागला की घरोघरी एकच फर्मान सुटतं, “आज भजी होऊन जाऊ देत!” मग सारं घर बसतं सिनेमासमोर आणि गृहिणी उभी कढईसमोर. मैत्रिणींनो, तुमच्याकडेही हेच ना?

गाण्यांचा सिनेमा असला तर एक वेळ चालतं. नायक-नायिका बागेत गाऊ लागली की आपण उठायचं, कुकर लावून परत यायचं. काही बिघडत नाही. पण १९६९ सालचा ‘इत्तेफाक’ ही सवलत देत नाही. त्यात गाणंच नाही! ‘धुम्मस’ या गुजराती नाटकावरून घेतलेला हा चित्रपट बी. आर. चोप्रांनी काढला, दिग्दर्शन यश चोप्रांचं. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला चित्रकार (राजेश खन्ना) मनोरुग्णालयातून पळतो आणि एका घरात शिरतो. घरात रेखा (नंदा) एकटीच. बस्स! एक रात्र, एक घर.

हा सिनेमा मी पूर्वी दोनदा ‘पाहिला’ होता, म्हणजे हातात झारा घेऊन, दारातून! “आता काय झालं गं?” विचारलं की आतून “श्शू!” खुनी कोण ते कळलं, पण रहस्याची गंमत काही हाती लागली नाही.

गेल्या पावसाळ्यात मात्र धीर करून सांगून टाकलं, “आज भजी सिनेमा संपल्यावर.” क्षणभर घरात अशी शांतता पसरली, की विचारू नका! तोच सासूबाई म्हणाल्या, “बरोबर आहे तिचं. मी तरी कुठे एकही सिनेमा सलग पाहिलाय? बस गं तू इथे, माझ्याजवळ.”

आणि सलग पाहिल्यावर कळलं, सारी जादू नंदाच्या चेहऱ्यात आहे. मास्टर विनायकांची ही मुलगी ‘छोटी बहन’ (१९५९) पासून आपण सोज्ज्वळ, सोशिक भूमिकांत पाहिलेली. इथे मात्र तिच्या डोळ्यांतली भीती नेमकी कशाची, हे कोडं शेवटपर्यंत सुटत नाही. शेवट ठाऊक असूनही मी पदर मुठीत धरून बसले होते!

तेव्हा एक बेत करा. सकाळीच शेंगा उकडून ठेवा, खिचडीचे डाळ-तांदूळ धुऊन ठेवा आणि गॅस बंद करून बसा. जेमतेम पावणेदोन तासांचा तर प्रश्न! भजी कुठे पळून जात नाहीत.

त्या दिवशी कांदे कोणी चिरले म्हणता? ते रहस्य मात्र मी फोडणार नाही!