घरी जुळविलेला संकलनाचा संगणक

आमच्या खानापूर तालुक्यात लग्नसराई आली की मांडवाइतकाच कॅमेराही अगत्याचा समजला जातो. माझ्या भाच्याने एका छायाचित्रकाराच्या हाताखाली दोन वर्षे उमेदवारी केली, जुना पण चांगल्यापैकी कॅमेरा मिळविला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात तो म्हणू लागला की, चित्रफितींचे संकलन यापुढे घरीच करावयाचे. अक्काने भिशीचे एक लाख रुपये त्याच्या हाती ठेवले. तयार संगणक न घेता सुटे भाग आणून तो स्वतः जुळवावा, असा त्याचा बेत होता. बेत वाईट नव्हता. एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, आणि पुढे कमाई झाली म्हणजे हवा तो भाग वाढविता येतो. परंतु त्याची यादी वाचून मी म्हटले, “अरे, ही यादी संगणकावर खेळ खेळणाऱ्याची आहे. तुझ्या कामाची नव्हे.”

“मामा, दुकानदारानेच लिहून दिली आहे,” तो हिरमुसून म्हणाला.

यादीत निम्मे पैसे एकट्या ग्राफिक्स कार्डावर खर्ची पडले होते. रॅम मात्र ८ जीबीची एकच पट्टी आणि साठवणीस एकुलती एक हार्ड डिस्क! मी त्याला विचारले, “तुझा कॅमेरा चित्र साठवितो कोणत्या पद्धतीने?” हे त्याला कोणी विचारलेच नव्हते, आणि खरी निवड तर येथूनच सुरू होते.

कॅमेरा प्रत्येक चित्र संपूर्ण साठवीत नाही. एक चित्र पूर्ण ठेवून पुढील चित्रांत जेवढा बदल झाला तेवढाच तो टिपून ठेवतो. एच.२६४ आणि एच.२६५ या प्रचलित पद्धतींचे मर्म हेच. त्यामुळे मधलेच एखादे चित्र पाहावयाचे तर संगणकाला आधीची चित्रे उलगडून ते नव्याने उभारावे लागते. सरळ पाहताना हे जाणवत नाही. परंतु संकलन करणारा क्षणोक्षणी मागेपुढे उड्या मारतो आणि संगणक धापा टाकू लागतो. हे उलगडण्यासाठी प्रोसेसरमध्ये वा ग्राफिक्स कार्डात एक स्वतंत्र विभाग असतो. साध्या मोबाईलचे चित्रीकरण अलीकडचे बहुतेक कोणतेही कार्ड सहज उलगडते. भाच्याचा कॅमेरा मात्र १०-बिट ४:२:२ या अधिक रंगसमृद्ध प्रकारात एच.२६५ साठवीत होता. एनव्हिडियाच्या कार्डांना हा प्रकार उलगडण्याची सोय २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेपासून लाभली. त्यापूर्वीच्यांना ती नाही. उलट इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या कोअर प्रोसेसरांत अंगभूत ग्राफिक्स असेल, तर तेथे ही सोय आहे. यादीतील प्रोसेसर होता नेमका नावाअखेर ‘एफ’ अक्षर असलेला, म्हणजे अंगभूत ग्राफिक्स नसलेला! थोडक्या रुपयांच्या बचतीपायी कामाचा मुख्य आधारच गेला असता. आम्ही ‘एफ’ नसलेला आय-५ १४४०० ठरविला.

म्हणून ग्राफिक्स कार्ड अजिबात नको, असे नव्हे. भाचा वापरतो तो डाविंची रिझॉल्व्ह हा कार्यक्रम रंग सुधारण्याचा बराचसा भार कार्डावरच टाकतो. त्याची विनामूल्य आवृत्ती ३८४० × २१६० आकाराची चित्रफीत तयार करू देते. गावच्या लग्नाला याहून अधिक काय हवे? ८ जीबी स्वतःची मेमरी असलेले मध्यम कार्ड पुरले. उरलेल्या पैशांतून ३२ जीबी रॅम घेतली, तीही १६ च्या दोन पट्ट्यांत, कारण जोडीने बसविल्यास वेग वाढतो. येथे एक सावधगिरी बाळगावी. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही, तेव्हा मदरबोर्ड कोणता हे आधी पाहावे. एएमडीच्या एएम५ बोर्डांना तर डीडीआर५ च लागते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भराभर चढले. त्यामुळे आमचा त्या वेळचा हिशेब कोणी जसाच्या तसा धरू नये. हात आखडलाच तर संकलनापुरत्या लहान आकाराच्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, काढून काम करावे. जुना संगणकही त्यांवर चालतो. अखेरची चित्रफीत मूळ चित्रीकरणातूनच निघते.

कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांवर त्याचा फार जीव होता. ते मी खोडले. त्याऐवजी ६५० वॅटचा विश्वासू एसएमपीएस घेतला. आमच्याकडे पावसाळ्यात वीज किती लहरी, हे सांगावयास नको. यूपीएस घेताना व्हीएचा आकडा पाहून फसू नये. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो.

साठवणीवर मात्र मी हट्टाला पेटलो, त्याचे कारण घरातलेच आहे. २०१९ मध्ये आमच्या एका नातलगाच्या मुलीचे लग्न झाले. चित्रीकरण करणाऱ्याने सारे एकाच हार्ड डिस्कवर ठेवले होते आणि संकलन होण्यापूर्वीच ती बंद पडली. पुढच्या वर्षी मुलीचे वडील वारले. मांडवात हात जोडून उभे असलेले त्यांचे हलते चित्र आज कोणाजवळही नाही.

हिशेब सोपा आहे. सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने चित्रीकरण केल्यास तासाला ४५ जीबी जागा लागते. चार तासांच्या लग्नाला १८०. म्हणून चालू कामासाठी १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी घेतली, कारण हार्ड डिस्कपेक्षा ती कितीतरी पट वेगवान. जुने काम ठेवण्यास ४ टीबीची हार्ड डिस्क, आणि तेवढीच आणखी एक, बाहेरून जोडावयाची. “एकाच कामाला दोन कशाला?” असे अक्कानेही विचारले. मी त्या लग्नाची आठवण दिली. ती गप्प राहिली.

भाग बंगळूरच्या एस. पी. रोडवरून आणले. जुळवणीला एक रविवार गेला. कळ दाबली, पंखे फिरले, पण पडदा काळाच! भाच्याचा चेहरा उतरला. तासाभराने उमगले की रॅमची एक पट्टी पुरती बसलीच नव्हती. दोन्ही टोके टक् असा आवाज करीपर्यंत ती दाबावी लागते.

त्या हंगामात त्याने सहा लग्नांचे संकलन केले. प्रत्येक लग्नाची दुसरी प्रत होताच तो बाहेरची डिस्क जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे आणून देतो. ती माझ्या कपाटात, घराच्या कागदपत्रांशेजारी असते.